तीन मॉनिटरवर फ्लाइट सिम्युलेटर : आधी कोन मोजा, मग मॉनिटर घ्या

गिरणाकाठ (जळगाव)

मंडळी, तीन मॉनिटर लावून फ्लाइट सिम्युलेटर चालवायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" माझ्या मते हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की बाजूला बघायचंय कशासाठी. दुसरा हा की टेबलावर मॉनिटर ज्या कोनात वळवलाय, तोच कोन सिम्युलेटरला सांगितलाय का. ही दोन उत्तरं जमली तर ऑफिसातले जुने मॉनिटरही सुंदर काम देतात. नाही जमली तर महागड्या कार्डावरही दोन्ही बाजूंना ताणलेलं, फुगलेलं चित्रच दिसत राहतं.

बाजूला कशासाठी बघायचं, ते आपल्या जळगावच्या विमानतळावरच पाहू. धावपट्टी पूर्व-पश्चिम, ०९/२७ (अंशांतली दिशा भागिले दहा, म्हणजे ०९ पूर्वेकडे तोंड आणि २७ पश्चिमेकडे). पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे २७ वापरायची. सेसना १७२ घेऊन पश्चिमेकडे उठलात, डावीकडे वळून दक्षिणेला गेलात, पुन्हा डावीकडे वळून पूर्वेला निघालात, जमिनीपासून हजार फुटांवर. हा झाला डाउनविंड. आता समोर भुसावळच्या बाजूचं आकाश आहे आणि जिच्यावर उतरायचं ती धावपट्टी बरोबर डाव्या हाताला, ९० अंशांवर आहे. एकच मॉनिटर असेल तर ती स्क्रीनवरच नाही! तसंच पुढे जायचं आणि धावपट्टीचं टोक डाव्या खांद्याच्या मागे ४५ अंशांवर दिसलं की बेसला, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या आडव्या टप्प्याला, वळायचं. हे वळण नजरेनं ठरवायचं असतं. बाजूचा मॉनिटर हवा तो यासाठी.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची ही चौकोनी फेरी, सहसा डाव्या हाताचं असतं आणि मुख्य वैमानिक बसतोही डावीकडे. म्हणून सध्या दोनच मॉनिटर परवडत असतील तर एक समोर आणि एक डावीकडे लावा. उजवा सावकाश घ्या. दोन मॉनिटर जोडून मधोमध बसायचा विचार मात्र करू नका, दोघांच्या कडांची पट्टी नेमकी नाकासमोर येते.

आता चित्र पसरवायच्या दोन पद्धती.

पहिली म्हणजे एनव्हिडिया सराउंड किंवा एएमडी आयफिनिटी. यात ड्रायव्हर विंडोजला सांगतो की हे तीन मॉनिटर म्हणजे एकच ५७६० × १०८० चा लांबलचक मॉनिटर आहे. लावायला सोपी, आणि सिम्युलेटरला एकच दृश्य काढावं लागत असल्यामुळे प्रोसेसरवर जादा बोजा जवळजवळ येत नाही. पिक्सेल मोजले तर तीन फुल एचडी मिळून ६२,२०,८००, आणि एकट्या फोर-केचे ८२,९४,४००. म्हणजे फोर-के झेपणाऱ्या कार्डाला हे सहज झेपतं.

पण दोष मोठा आहे. एकच कॅमेरा सगळं जग एका सपाट काचेवर काढतो. मधोमध चित्र बरोबर येतं, कडेला ताणलं जातं. मध्यापासून ६० अंशांवरची वस्तू आडवी चौपट ताणली जाते (१ भागिले कोसाइनचा वर्ग, गणितवाल्यांनी पडताळून पाहावं). तिन्ही मॉनिटर एका सरळ रेषेत ठेवले आणि डोळा नेमक्या जागी असला तर हे ताणलेलं चित्र डोळ्याला बरोबर दिसेल. पण आपण बाजूचे मॉनिटर स्वतःकडे वळवतो आणि तिथेच सगळं बिघडतं.

दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र कॅमेरा. एक्स-प्लेन ११ आणि १२ या सिम्युलेटरमध्ये हे ग्राफिक्सच्या सेटिंगमध्येच आहे. प्रत्येक मॉनिटर 'फुल स्क्रीन सिम्युलेटर' करायचा आणि प्रत्येकाला दृश्याचा कोन आणि आडवा ऑफसेट (कॅमेरा समोरच्यापासून किती अंश बाजूला वळवायचा तो आकडा) द्यायचा. फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरमध्येही होतं, तिथे फाइलमध्ये लिहावं लागतं. मला हीच पद्धत योग्य वाटते. हिची किंमत अशी की तेच जग तीनदा काढावं लागतं, आणि तो बोजा कार्डाइतकाच प्रोसेसरवरही पडतो. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बहुतेक वेळा प्रोसेसरचा एकच कोअर आधी दमतो, म्हणून एफपीएस (सेकंदाला निघणारी चित्रं) कमी झाले की नवं कार्ड घेण्याआधी इमारती, झाडं आणि रहदारी यांचं प्रमाण एकेक पायरी खाली आणून बघा.

आणि आता ते कोन. टेप घ्या. डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजा, स्क्रीनची फक्त उजेडाची रुंदी मोजा, काळी पट्टी वेगळी. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा केला की टॅन इन्व्हर्स मिळतो, तो डिग्रीवर आहे ना बघा. रुंदीचा अर्धा भाग भागिले अंतर, त्याचा टॅन इन्व्हर्स, गुणिले दोन. हा एका मॉनिटरचा दृश्यकोन.

२४ इंची मॉनिटर ५३.१३ सेंटीमीटर रुंद असतो. ६० सेंटीमीटरवर बसलात तर साधारण ४७.८ अंश येतात. कडेची पट्टी एक सेंटीमीटर असेल तर ऑफसेट काढताना अर्ध्या रुंदीत ती मिळवायची, म्हणजे ४९.४. समोरच्याला शून्य, डाव्या-उजव्याला ४९.४, आणि टेबलावरही बाजूचा मॉनिटर समोरच्याच्या मानाने तेवढाच वळवायचा. ऑफसेटचं चिन्ह उलटं पडलं तर डावीकडे उजव्या बाजूचं जग दिसतं, ते लगेच लक्षात येतं. पट्टीचा तो दीड अंश सोडू नका. तो दिला नाही तर क्षितिजावरची टेकडी पट्टी ओलांडताना उडी मारते. दिला की ती पट्टी खिडकीच्या चौकटीसारखी होते, जग तिच्या मागून सरळ जातं.

एवढं करूनही डाव्या मॉनिटरची बाहेरची कड ७३ अंशांवरच संपते. म्हणजे ९० अंशांवरची धावपट्टी अजून दिसत नाही! इथेच लोक निराश होतात. उपाय दोन आहेत. तोच २४ इंची ४६ सेंटीमीटरवर ओढून बसा, एका मॉनिटरचा कोन ६० होतो आणि नजर ९० च्या थोडी पलीकडे पोचते. किंवा ६० वरच बसून ३२ इंची घ्या, त्यानेही ९३ पर्यंत जाता येतं. २७ इंची ८१ वर अडकतो. मॉनिटर घेण्याआधी हे गणित करा म्हणतोय ते म्हणूनच.

खांद्यामागच्या ४५ अंशांसाठी जॉयस्टिकची हॅट (नजर फिरवायचं छोटं बटण) किंवा साठवून ठेवलेला क्विक लुक (एका बटणावर ठरलेल्या दिशेला नजर) लागणारच. तिथवर घरातले तीन मॉनिटर पोचत नाहीत.

---

केळीपट्टा (रावेर)

भलतं कामनं लिखेल शे भाऊ!

माझ्याकडे एक २४ इंची आहे. गोलाणी मार्केटमध्ये दोन जुने १९ इंची चौकोनी मॉनिटर स्वस्तात मिळतायत. वेगवेगळे आकार चालतील का? सगळे म्हणतात तिन्ही सारखेच पाहिजेत.

---

गिरणाकाठ (जळगाव)

केळीपट्टा भाऊ, सराउंडसाठी तिन्ही सारख्या रिझोल्युशनचे हवेत, ते खरं आहे. स्वतंत्र कॅमेऱ्याला ती अट नाही. आणि तुमची जोडी तर फार चांगली जमते. जुना १९ इंची चौकोनी म्हणजे १२८० × १०२४. त्याची उंची साधारण ३० सेंटीमीटर असते, आणि १६:९ च्या २४ इंचीची उंचीही ३० च्याच जवळ. शेजारी ठेवले की वरची-खालची कड एका रेषेत येते. क्षितिज जुळवायला यापेक्षा सोयीचं काय!

रुंदी ३७.७ धरा. ६० सेंटीमीटरवरून कोन ३४.९. ऑफसेट काढताना समोरच्याचा अर्धा कोन आणि बाजूच्याचा अर्धा कोन यांची बेरीज करायची, दोन्हींत आपापली पट्टी धरून. २४.७ अधिक १८.३, म्हणजे ४३. फक्त घेताना मागचे पोर्ट बघा. खूप जुन्या मॉनिटरला नुसतं व्हीजीए असतं आणि आताच्या कार्डांवर व्हीजीए नाही. मग डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा अ‍ॅडॅप्टर लागतो, आत चिप असलेला. दोन मॉनिटरसाठी दोन अ‍ॅडॅप्टर, तो खर्च भावात धरा.

आणि तिन्ही केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा. मदरबोर्डवरच्या एचडीएमआयला लावलेला मॉनिटर प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालतो.

---

रनिंगरूम (भुसावळ)

छान माहिती. पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. बाजूला बघण्यासाठी तीन मॉनिटर, तीन केबल, तीनदा जग काढायचं, एवढा खटाटोप कशाला? ओपनट्रॅक नावाचा मोफत प्रोग्राम आहे. साधा वेबकॅम डोक्याची हालचाल ओळखतो. डोकं २० अंश वळवलं की कॉकपिटात ९० अंश वळतं. आणखी थोडं वळवलं की खांद्यामागचे ४५ अंशही दिसतात, जिथे तुमचे तीन मॉनिटर थांबतात. दृश्य एकच, बोजा एकच. पुढे झुकून पॅनेलही जवळून बघता येतं. निवृत्तीनंतर मी रोज यावरच उडतो.

---

गिरणाकाठ (जळगाव)

काका, ओपनट्रॅक उत्तम आहे आणि बेसच्या वळणाला ते मॉनिटरपेक्षा सरस आहे, हे मान्यच. ज्याच्याकडे एकच स्क्रीन आहे त्याने पहिलं तेच करावं.

पण उतरतानाचं बघा. धावपट्टीवर आल्यावर, फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक अलगद उचलताना, नजर धावपट्टीच्या लांबच्या टोकाला असते आणि आपण जमिनीपासून किती वर आहोत हे डोळ्याच्या कडेला सरकणाऱ्या जमिनीवरून कळतं. तेव्हा डोकं वळवायचं नसतंच. एका मॉनिटरवर ती कड अस्तित्वातच नाही, म्हणून एवढे लोक सिम्युलेटरमध्ये धपकन उतरतात किंवा उंचावरच नाक उचलतात. बाजूच्या मॉनिटरचा खरा उपयोग माझ्या लेखी हा, न बघता दिसण्याचा.

दोन्ही एकत्रही चालतं. मग ओपनट्रॅकमध्ये डोकं सरळ असतानाचा मधला भाग चांगला रुंद आणि स्थिर ठेवायचा. नाहीतर मान जरा हलली की तिन्ही मॉनिटरवरचं जग हलतं आणि मळमळायला लागतं.

---

रनिंगरूम (भुसावळ)

फ्लेअरचा मुद्दा पटला. नातवाचा मॉनिटर दोन दिवस डावीकडे लावून बघतो.

---

पांझरा (धुळे)

मी स्वतः यातली नाही. मुलगी बारावीला आहे, पायलट व्हायचंय तिला. इथे गोंदूरच्या विमानतळावरून प्रशिक्षणाची विमानं उडताना लहानपणापासून बघत आलीये. तिच्यासाठी घरी असं काही करून दिलं तर पुढे उपयोग होईल का? हे तास धरले जातात का? की नुसता खेळ होऊन अभ्यास मागे पडेल? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

---

अनेर (चोपडा, सध्या पुणे)

ताई, तास धरले जात नाहीत. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यात घरच्या कॉम्प्युटरवरचा एकही तास जात नाही. मान्यता मिळालेले सिम्युलेटर वेगळे असतात, त्यांचे तासही ठरावीक मर्यादेतच धरतात.

उपयोग मात्र नक्की होतो. चेकलिस्टचा क्रम, सर्किटचे टप्पे, कुठे किती वेग, कुठे किती फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा), रेडिओवर काय बोलायचं, हे सगळं घरी तोंडपाठ झालं तर खऱ्या विमानात डोकं मोकळं राहतं. तिथला प्रत्येक तास महाग असतो.

एक सवय मात्र वाईट लागते, सगळा वेळ पॅनेलवरच्या वेग-उंचीच्या घड्याळांकडे बघत उडायची. एका लहान स्क्रीनवर दुसरं बघण्यासारखं काही नसतंच. प्रशिक्षक ही सवय पहिल्याच उड्डाणात ओळखतात आणि मोडायला वेळ जातो. त्यामुळे धागाकर्त्याचं 'समोर एक, डावीकडे एक' तिच्यासाठी अगदी योग्य आहे. आणि सुरुवातीला खर्च करूच नका. फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे, घरात असेल त्या कॉम्प्युटरवर आधी ते चालवू दे.

---

पांझरा (धुळे)

मनापासून आभार. बारावीची परीक्षा झाली की सुरुवात करते.

---

तोरणमाळ_वारा (शहादा)

फ्लाइटगिअरचा विषय निघालाच आहे तर लिहितो. ज्यांच्याकडे एक दणकट कॉम्प्युटर नाही पण दोन साधे पडून आहेत, त्यांच्यासाठी.

दोन्ही कॉम्प्युटरवर फ्लाइटगिअर टाका, एकच आवृत्ती, एकच विमान. एकावर तुम्ही उडता. तो दर सेकंदाला ६० वेळा 'मी इथे आहे, इतका कललोय, नाक इतकं वर आहे' एवढंच लॅनवरून दुसऱ्याला सांगतो. दुसरा उडण्याचं गणित करतच नाही, सांगितलेल्या जागी कॅमेरा नेतो आणि डावीकडचं दृश्य काढतो. प्रत्येक कॉम्प्युटर आपापलंच चित्र काढत असल्यामुळे पहिल्यावर काहीच बोजा वाढत नाही. माहिती यूडीपी या नेटवर्कच्या पद्धतीने जाते, उदाहरणांत पोर्ट ५५०५ असतो. लॅनची केबल वापरा, वायफाय नको. वायफायवर डावी बाजू मधूनच अडखळते आणि वळताना क्षितिज तुटतं.

अडचण एक आहे, ढग. हवामान दोन्हीकडे वेगळं बनतं, समोरचा ढग डावीकडे गेला की नाहीसा होतो. वेळ दोन्हीकडे एकच ठेवा आणि निरभ्र आकाशात उडा. आमच्याकडे सातपुडा बघायला ढग नसलेलेच बरे. तोरणमाळचा डोंगर समोर आणि दरी डाव्या मॉनिटरवर उतरत गेलेली, हे एकदा बघाच.

---

बोरीकाठ (अमळनेर)

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरचं कोणी बोलतच नाहीये. फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये तीन मॉनिटर नीट चालतात का? खान्देश त्यातच सगळ्यात खरा दिसतो.

---

अनेर (चोपडा, सध्या पुणे)

दिसायला खराच सुंदर. त्यात आधी एकच ताणलेलं दृश्य मिळायचं. २०२२ च्या सिम अपडेट १० पासून 'एक्सपेरिमेंटल' सेटिंगमध्ये जादा खिडक्या उघडून प्रत्येकीला वेगळा कॅमेरा देता येतो. पण प्रत्येक खिडकी म्हणजे ते जड जग पुन्हा काढणं, त्यामुळे एफपीएस झपाट्याने उतरतात. बाजूच्या खिडक्यांचं रिझोल्युशन कमी ठेवायचं, त्याला पर्याय नाही.

माझं मत असं, त्यात दृश्यासाठी एकच मोठा मॉनिटर किंवा टीव्ही ठेवा, आणि दुसरा लहान मॉनिटर खाली आडवा ठेवून त्यावर काचेचं पॅनेल, म्हणजे काट्यांच्या घड्याळांऐवजी असलेला विमानातला डिजिटल स्क्रीन, काढा. उजवा ऑल्ट दाबून जी १००० या अशाच पॅनेलच्या स्क्रीनवर क्लिक केलं की ती वेगळी खिडकी होऊन बाहेर येते, ती ओढून खालच्या मॉनिटरवर न्यायची.

---

गिरणाकाठ (जळगाव)

अनेर भाऊंनी खालच्या मॉनिटरचं काढलं ते बरं झालं, मूळ लेखात राहिलेला भाग त्यालाच जोडून आहे. ६० सेंटीमीटरवरून २४ इंची मॉनिटरचा उभा कोन फक्त २८ अंश येतो. म्हणजे आडवा कोन खरा ठेवला की वर-खाली फार थोडं दिसतं. धावपट्टी दिसते पण घड्याळं खाली गेलेली असतात. म्हणून बरेच जण कोन वाढवतात, ४७.८ ऐवजी ६०. तसं केलं तर बाजूचा ऑफसेटही त्याच हिशेबाने ६२ च्या आसपास न्यायचा, म्हणजे सांधा तुटत नाही. पण डोळा ६० सेंटीमीटरवरच राहिला तर सगळ्या वस्तू खऱ्याच्या पाऊणपट दिसतात, धावपट्टी आहे त्यापेक्षा लांब वाटते. ज्याला उतरण्याचा सराव करायचाय त्याने कोन खरा ठेवावा आणि घड्याळांसाठी खाली लहान चौथा मॉनिटर लावावा. एक्स-प्लेनमध्येही जी १००० वेगळी बाहेर काढता येते. गोल काट्यांच्या घड्याळांसाठी एअर मॅनेजर नावाचा प्रोग्राम वापरतात.

---

दीपनगर_रोड (भुसावळ)

सगळं वाचलं. पण मे महिन्याचं कोणीच लिहिलं नाही! आपल्याकडे ४५ च्या पुढे पारा जातो, दुपारी खोलीतच ४० असतं. २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारं कार्ड तिथे ८५ कडे जातं आणि मग स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. लोक म्हणतात सिम्युलेटर अडकतोय, सेटिंग बदलत बसतात.

सगळ्यात सोपा उपाय, ३० एफपीएसवर बांधून टाका. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे बंदुकीचा गेम नव्हे, एकसारखे ३० असले तर डोळ्याला पुरतात. कधी ५५, कधी २५ असे हेलकावे जास्त त्रास देतात. बांधल्यावर कार्डाचा पंखाही शांत होतो. तिन्ही मॉनिटर एकाच रिफ्रेश रेटवर ठेवा, सगळे ६० हर्ट्झ.

दुसरं म्हणजे डेझर्ट कूलर. कूलरचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरचं पाणी क्षारांचं, पॅड जुने झाले की बारीक तुषार उडतात, आतल्या पंख्यांवर ओलसर धूळ बसून थर तयार होतो. कूलर माणसाकडे, कॅबिनेट त्याच्या आडबाजूला, आणि खिडकी थोडी उघडी. उन्हाळ्याच्या आधी आणि पावसाळ्याच्या आधी ब्लोअर मारून घ्या.

वीज. १७० वॉटचं कार्ड, प्रोसेसर, तीन मॉनिटर प्रत्येकी २०-२५ वॉट, सगळं मिळून ३०० ते ३५० वॉट होतात. आपल्याकडे घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा. वीज गेली की तो किंचाळतो आणि बसतो. बाजूचे दोन मॉनिटर यूपीएसवर न घेता थेट बोर्डावर ठेवा. वीज गेली तर बाजू अंधारेल, पण उड्डाण थांबवून नीट बंद करण्याइतका वेळ मिळेल. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर साइन वेव्हचा हवा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर बदलताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

---

रनिंगरूम (भुसावळ)

दीपनगर भाऊ, कूलरचं लिहिलंत ते फार महत्त्वाचं. +१

डावा मॉनिटर लावून पाहिला. उतरताना फरक पडतो, खरंच पडतो. जमीन वर येताना कळते. ओपनट्रॅक सोडत नाही, पण मॉनिटरही परत देत नाही आता, नातवाला नवा घेतो.

---

केळीपट्टा (रावेर)

दोन्ही १९ इंची घेतले. ४३ अंशांवर लावले, क्षितिज एका रेषेत आलं! आता खरी जमीन हवीये, केळीच्या बागा, तापी, हतनूरचं पाणी. हवाई फोटोंवरून एक्स-प्लेनसाठी जमीन बनवणारा ऑर्थो४एक्सपी वापरतोय. जळगावचा तुकडा कोणता घेऊ?

---

गिरणाकाठ (जळगाव)

अभिनंदन! ऑर्थो४एक्सपी एक अंश गुणिले एक अंश असे तुकडे करतो आणि आपल्याकडे नेमकी गंमत आहे. २१ अंश उत्तरेची रेषा जळगाव शहर आणि विमानतळ यांच्या मधून जाते. विमानतळ २०.९६ वर, शहराचा बहुतेक भाग २१ च्या वर. त्यामुळे नुसता २०-७५ (२० अक्षांश, ७५ रेखांशापासून सुरू होणारा तुकडा) घेतला तर धावपट्टी खऱ्या जमिनीवर येते आणि उत्तरेला शहरापासून पुढे सगळं बनावट दिसतं. २०-७५ आणि २१-७५ दोन्ही घ्या. तापी, भुसावळ, यावल, फैजपूर, सावदा सगळं २१-७५ मध्ये आहे. तुमचं रावेर मात्र ७६ च्या किंचित पूर्वेला आहे, स्वतःचं गाव हवं असेल तर २१-७६ सुद्धा करावा लागेल. धुळ्याकडच्यांना २०-७४, शिरपूर-शहादा-नंदुरबार-तोरणमाळसाठी २१-७४.

झूम लेव्हल, म्हणजे फोटोंचा बारकावा, १६ ने सुरू करा. एक पायरी वाढवली की चित्रांची जागा चौपट होते. सगळीकडे १६ आणि विमानतळाच्या आजूबाजूला १७ असंही करता येतं. तीन दृश्यं असल्यावर कार्डाच्या मेमरीवर याचा ताण येतो. ८ जीबीच्या खालच्या कार्डावर टेक्स्चर एक पायरी कमी ठेवा.

---

केळीपट्टा (रावेर)

तिन्ही तुकडे करायला लावले. शेवटचा प्रश्न. आत्ता मॉनिटर पुस्तकांच्या थप्पीवर टेकवलेत. गावातला वेल्डिंगवाला स्टँड करून देतो म्हणतोय, एक इंची चौरस पाइपचा. त्याला माप काय देऊ?

---

तोरणमाळ_वारा (शहादा)

हे मी सांगतो, आमच्याकडे असाच बनवलाय.

मॉनिटरच्या मागे चार भोकं असतात, १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिलिमीटर, ते आधी मोजा. स्क्रू एम-४ लागतो. लांबी जपून घ्या, जास्त लांब स्क्रू आत जाऊन पॅनेल फोडतो. भोकं नसलेला मॉनिटर असेल तर त्याला खालून बैठक द्यावी लागेल.

बाजूचे हात वेल्डिंगने पक्के करू नका. सांध्यावर जाड बिजागरी आणि नट-बोल्ट घ्या, म्हणजे उद्या २४ च्या जागी ३२ आला तरी कोन बदलता येईल. ४३ अंशांचा पुठ्ठा कापून वेल्डिंगवाल्याला द्या, अंशात सांगण्यापेक्षा ते त्याला बरं पडतं. बिजागरी मॉनिटरच्या पट्ट्यांच्या जितकी मागे जाईल तितकी पुढे फट पडते, म्हणून ती पट्टीच्या जवळ घ्या. तिन्ही मॉनिटर ओळंब्यात उभे हवेत. एखादा डाव्या-उजव्या बाजूला कलला तर त्यावरचं क्षितिज तिरकं होतं आणि मग रोल ऑफसेट देत बसावं लागतं. उंचीचं म्हणाल तर खुर्चीवर बसून डोळ्याची उंची मोजा, मधल्या मॉनिटरचा मध्य तिथे आला पाहिजे.

रंग लावायचा तर काळा मॅट लावा. आमच्या स्टँडला चकचकीत चंदेरी लावला होता, ट्यूबलाइट त्यात चमकायची.